वाद्यवृंद फुटला तो कशाने?

ॲलन पार्कर यांच्या ‘द कमिटमेंट्स’ (१९९१) या विनोदी चित्रपटावरून एक सोयीस्कर निष्कर्ष काढता येतो : गरिबांच्या मुलांत गुण असतात, एकी नसते. डब्लिनच्या उत्तरेकडील कामगारवस्तीतील ही मुले अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ‘सोल’ संगीत आपलेसे करतात, श्रोत्यांना जिंकतात आणि विख्यात गायक विल्सन पिकेट यांची गाडी पोहोचेपर्यंत आपसांत भांडून पांगतात.

हा निष्कर्ष फसवा आहे. रॉडी डॉइल यांची मूळ कादंबरी १९८७ सालची. त्या सुमारास आयर्लंडमध्ये दर सहा श्रमिकांमागे एक बेकार होता. हजारो तरुण देश सोडत होते. अशा समाजात वाद्यवृंद हा छंद उरत नाही; तो बेकारीतून निसटण्याचा दोर बनतो. एकाच दोराला दहा जण लोंबकळले तर धक्काबुक्की अटळच. दोष त्यांचा नव्हे, अन्य वाटा बंद करणाऱ्या अर्थव्यवस्थेचा आहे.

मात्र कार्यकर्त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : सामायिक दुःख माणसांना एकत्र आणते, एकत्र ठेवत नाही. त्यासाठी समान हक्क, सामुदायिक निर्णय आणि सर्वमान्य शिस्त लागते. जिमी रॅबिटने माणसे निवडली, संघटना उभारली नाही.