सही करण्याआधी विचारा



नंदुरबारहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत आपल्या जिल्ह्यातली किती तरी तरुण मुलं बसतात. कुणी कापडाच्या कारखान्यात जातो, कुणी पुढे परदेशाची वाट धरतो. घरासाठी कमवायला बाहेर पडणं यात काही वावगं नाही. पण फेब्रुवारी 2024 मध्ये याच सुरतेचा एक तरुण रशिया-युक्रेन युद्धात ड्रोन हल्ल्यात मारला गेला. तो लढायला गेला नव्हता, मदतनिसाची नोकरी म्हणून गेला होता. पुढच्याच महिन्यात हैदराबादच्या एका तरुणाच्या मृत्यूची बातमी आली.

आपल्या देशात सक्तीची सैन्यभरती नाही, म्हणून आपल्याला ही गोष्ट दूरची वाटते. या मुलांनाही कुणी घरातून ओढून नेलं नव्हतं. यूट्यूबवरची जाहिरात, एजंटाचा गोड शब्द, कर्ज काढून भरलेली रक्कम आणि शेवटी रशियन भाषेतला करार. सही झाली आणि परतीची वाट बंद झाली. मार्च 2024 मध्ये सीबीआयने मुंबईसह 7 शहरांत 13 ठिकाणी छापे घातले. जानेवारी 2025 मध्ये सरकारने सांगितलं, की रशियन सैन्यात गेलेल्या 126 भारतीयांपैकी 96 परतले, 12 मरण पावले आणि 16 बेपत्ता आहेत.

‘बेपत्ता’ या शब्दाखाली एक अख्खं घर दबलेलं असतं. मृत्यूची खात्री नाही, म्हणून जनाजा नाही. बायको असेल तर तिची इद्दतही सुरू होत नाही. आई दर फोनला दचकते. आणि जो परत येतो, तोही गेला तसा येत नाही. फटाका फुटला तरी त्याच्या अंगावर काटा येतो. अशा वेळी मोहल्ल्यात पहिला प्रश्न निघतो, “पैसे किती आणले?” हा प्रश्न त्याला आणखी एकटं पाडतो. त्याला शेजारी बसवा, बोलायला लावू नका, झोप लागत नसेल तर डॉक्टरांकडे न्या. ते कमीपणाचं नाही.

मुलगा जाण्याआधी मात्र आपण बोलायलाच हवं. एजंट सरकारी परवान्याचा आहे का, हे ई-मायग्रेट संकेतस्थळावर दिसतं. परवानाधारक एजंटाला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, एवढंच घेता येतं. जो लाखांत मागतो, त्याला तिथेच थांबवा. आपल्याला वाचता न येणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही नको. कुरआनातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार घेण्याबद्दल आहे. उधारीच्या पैशांसाठी जी खबरदारी सांगितली, ती पोटच्या मुलासाठी आपण का घेऊ नये?

अल्लाह आपल्या मुलांना सुखरूप ठेवो. आमीन.