विचारांचे ऋण आणि ऋणकोचे मौन

मुसलमान आणि ज्यू यांचे वैर अनादि आहे, असे मानण्याची सवय सुशिक्षितांनाही जडली आहे. पश्चिम आशियातील रक्तपाताच्या बातम्या वाचणाऱ्याला तसे वाटल्यास नवल नाही. परंतु मनुष्यस्वभाव जन्मजात असतो की घडविता येतो, या प्रश्नाची मध्ययुगीन ज्यू पंडितांनी दिलेली उत्तरे बव्हंशी अरबी भाषेत आणि मुसलमान तत्त्वज्ञांच्या परिभाषेत लिहिली गेली, ही वस्तुस्थिती त्या समजुतीत बसत नाही. दहाव्या शतकात इराकमध्ये सादिया गाओन याने मानवी इच्छास्वातंत्र्याचे जे समर्थन केले, ते ईश्वर न्यायी आहे म्हणून माणूस स्वतंत्र असलाच पाहिजे, या मुअतझिली पंथाच्या युक्तिवादाच्याच वळणाचे होते.

याहून बोलके उदाहरण मैमोनिडीझचे. कॉर्डोबात जन्मलेल्या या पंडिताचे बालपण सुखाचे नव्हते. ११४८ मध्ये ते शहर अल्मोहादांच्या हाती गेले, ज्यूंपुढे धर्मांतर किंवा देशत्याग एवढेच पर्याय उरले आणि त्याचे कुटुंब परागंदा झाले. अंदलुसियातील सहजीवनाचे गुलाबी चित्र रंगविणाऱ्यांनी हे विसरू नये. तरीही ११६८ मध्ये इजिप्तमध्ये पुरे केलेल्या आपल्या मिश्ना-भाष्यात त्याने ‘आठ प्रकरणे’ या नावाने मनुष्यस्वभावाचे जे विवेचन केले, त्याचा पाया मुसलमान तत्त्वज्ञ अल्-फाराबी याच्या राज्यनीतिविषयक सूत्रांत आहे. १९६३ मध्ये हर्बर्ट डेव्हिडसन याने दोन्ही संहिता ताडून हे ऋण उघड केले. आत्मा एकच, त्याच्या शक्ती पाच. शरीराप्रमाणे आत्म्यालाही आरोग्य आणि रोग असतात. सद्‌गुण दोन टोकांच्या मध्ये असतो आणि तो सवयीने अंगी बाणतो, हा सारा सांगाडा तेथलाच. कोणी जन्मतः सज्जन वा दुर्जन नसतो, जसा कोणी जन्मतः कारागीर नसतो. फार तर एखाद्या गोष्टीकडे कल असतो. शिक्षकाच्या पेशाला याहून मोठा आधार कोणता?

अल्-फाराबीचे नाव मात्र त्याने घेतलेले नाही. आजच्या विद्यापीठात याला वाङ्मयचौर्य म्हटले गेले असते. पण आपण प्राचीन व अर्वाचीन तत्त्वज्ञांकडून घेतले आहे, हे तो प्रस्तावनेत सांगतो आणि नावे गाळण्याचे कारणही देतो: नाव पाहूनच एखादा वाचक खऱ्या गोष्टीकडे पाठ फिरवील. आमच्या मते ही भीती अनाठायी नव्हती. पुढे १२३०च्या दशकात त्याच्या तत्त्वज्ञानपर ग्रंथावर फ्रान्समधील स्वधर्मीयांनीच बहिष्काराचे शस्त्र उपसले.

उसनवारी म्हणजे नक्कल नव्हे, हे सहाव्या प्रकरणात दिसते. श्रेष्ठ कोण: ज्याला पापाची इच्छाच होत नाही तो, की इच्छा होऊनही तिला आवरतो तो? तत्त्वज्ञ पहिल्याकडे बोट दाखवितात, ज्यू ऋषी दुसऱ्याकडे. मैमोनिडीझ दोघांनाही खरे ठरवितो. खून, चोरी, कृतघ्नता यांची इच्छा होणे हाच आत्म्याचा रोग आहे. परंतु केवळ धर्माज्ञेने वर्ज्य ठरलेले अन्न आवडते, पण आज्ञेखातर खात नाही, असे म्हणण्यात कमीपणा नाही. माणसाच्या नैसर्गिक नीतीत आणि समाजाच्या आचारधर्मात इतकी स्वच्छ रेघ अल्-फाराबीने ओढलेली नव्हती. शिवाय अल्-फाराबीची सूत्रे नगर आणि त्याचा शासक यांच्याभोवती फिरतात. राज्य नसलेल्या समाजाच्या या पंडिताने तो भाग वगळला आणि ईश्वरज्ञान हेच सर्व आचरणाचे साध्य ठरविले.

अल्-फाराबी तरी कोणाचा? त्याचा तर्कशास्त्राचा गुरू ख्रिस्ती होता आणि मूळ पुंजी ग्रीकांची. हे ऋण एका अंगाने फिटलेही. कॉर्डोबाच्याच इब्न रुश्दने प्लेटोच्या ‘रिपब्लिक’वर लिहिलेल्या भाष्याची अरबी प्रत काळाच्या ओघात नाहीशी झाली, ते आज वाचावयास मिळते, ते ज्यू भाषांतरकाराने केलेल्या हिब्रू अनुवादामुळे.