बोलणं नोंदवहीत उतरेपर्यंत

"ताई, तुम्हीच बोला. आमाला नाय जमायचं." रत्नागिरी जिल्ह्यात काम करताना हे वाक्य मला सतत ऐकू येतं. ग्रामसभेला निघताना, तहसील कचेरीत निवेदन घेऊन जाताना, आरोग्य केंद्रात गाऱ्हाणं मांडायची वेळ आली की हमखास. हे म्हणणाऱ्या बाया कोण असतात? मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या लिलावात पुरुषांच्या घोळक्यात उभं राहून भाव करणाऱ्या. काजूच्या कारखान्यात गराच्या वजनावरून मुकादमाशी हुज्जत घालणाऱ्या. बचत गटाचा पैन्‌पैचा हिशेब तोंडपाठ असणाऱ्या. यांना बोलता येत नाही असं कोण म्हणेल?

बोलता येतं. पण सभा ही आपली जागा नाही, तिथली भाषा आपली नाही आणि तिथे आपलं कुणी ऐकणार नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं आहे. म्हणून 'सभाधीटपणा' हा काही जणींना जन्मतः मिळालेला गुण आहे, असा समज आपल्या संघटनांमध्येही पक्का झालेला दिसतो. ज्यांना तो आहे त्या बोलतात, बाकीच्या टाळ्या वाजवतात. हा समज मोडण्याची गरज आहे, असं मला वाटतं. चार लोकांपुढे आपलं म्हणणं परिणामकारकपणे मांडणं हे तयारीचं काम आहे, आणि ती तयारी एकटीने नव्हे, गटाने करायची असते.

एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला 'सादरीकरण' शिकवलं जाई. तक्ते कसे करावेत, वेळ कसा पाळावा, श्रोत्यांच्या नजरेला नजर कशी द्यावी. हे सगळं उपयोगी आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे समोरच्याला ऐकायचं आहे. आपल्या बाया ज्यांच्यापुढे उभ्या राहतात, त्यांनी पुष्कळदा न ऐकण्याचं आधीच ठरवलेलं असतं. तेव्हा आपली तयारी वेगळी हवी.

अशा तयारीचं एक जुनं उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. 1882 साली सरकारने नेमलेला शिक्षण आयोग, ज्याला हंटर आयोग म्हणतात, पुण्यात साक्षी घेत होता. पंडिता रमाबाई तेव्हा 24 वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी वैधव्य आलेलं, कडेवर लहान मुलगी, पुण्यात येऊन काही महिनेच झालेले. आयोगाचा पहिला प्रश्न सगळ्या साक्षीदारांना असे तोच होता: शिक्षणाविषयी मत बनवण्याची संधी तुम्हाला कुठे व कशी मिळाली? म्हणजे सरळ सांगायचं तर, तुम्हाला बोलण्याचा अधिकार काय? रमाबाईंनी पदव्यांचा आधार घेतला नाही. स्त्रियांच्या शिक्षणाची बाजू घेतल्याबद्दल ज्याला फार सोसावं लागलं, अशा माणसाची मी मुलगी आहे आणि हे काम मी जन्मभर करणार आहे, असं त्यांनी सांगितलं. आपला अनुभव हीच आपली पात्रता, हे त्यांनी पहिल्याच उत्तरात पक्कं केलं.

त्यानंतर त्यांनी स्त्रियांच्या दुःखाचं नुसतं वर्णन करत बसण्याऐवजी मागण्या केल्या. मुलींसाठी शिक्षिका तयार करा, त्यांना पुरुष शिक्षकांहून चांगला पगार द्या, राहायची सोय करा, मुलींच्या शाळांवर स्त्री निरीक्षक नेमा, बायकांना डॉक्टर होऊ द्या. यातली प्रत्येक मागणी कुणीतरी अधिकारी कागदावर लिहून घेऊ शकेल अशी होती. साक्ष मराठीत झाली होती. हंटर यांना ती इतकी महत्त्वाची वाटली की त्यांनी तिचं इंग्रजी भाषांतर करवून ती छापून घेतली. बोलणाऱ्या बाईने आपली भाषा सोडली नाही. भाषांतराची जबाबदारी ऐकणाऱ्याने उचलली. हे आपण विसरू नये.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. मोठ्या प्रकल्पांची जनसुनावणी म्हणजे काय, हे रत्नागिरीला वेगळं सांगायला नको. जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाची पर्यावरणविषयक जनसुनावणी 16 मे 2010 रोजी माडबनला झाली. पर्यावरण अहवाल मराठीतून वेळेत मिळाला नाही, ही तेव्हा गावकऱ्यांची एक तक्रार होती. अशा सुनावणीचं कामकाज 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे चालतं. तीत काय लिहिलं आहे ते प्रत्येक कार्यकर्तीला माहीत हवं. सुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. सभेची सुरुवात प्रकल्पवाल्यांच्या सादरीकरणाने होते. हजर असलेल्या प्रत्येक माणसाला माहिती वा खुलासा विचारण्याची संधी द्यावी लागते. संपूर्ण कामकाजाचं चित्रीकरण होतं. आणि शेवटी, मांडल्या गेलेल्या मतांचा सारांश सभेपुढे वाचून, स्थानिक भाषेत समजावून सांगावा लागतो.

यातल्या दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, सभा त्यांच्या सादरीकरणाने सुरू होते. पडद्यावर हिरवी झाडं, निळा समुद्र, रोजगाराचे आकडे. त्यानंतर आपली बाई उठते, तेव्हा तिला त्या चित्राशी सामना करायचा असतो. ती "आमचं वाटोळं होईल" एवढंच म्हणाली, तर लिहून घेणारा 'स्थानिकांचा विरोध' असे दोन शब्द लिहितो आणि पुढे जातो. पण ती म्हणाली, "आमच्या वाडीत इतक्या घरांची चूल मासळीवर चालते. तुमच्या अहवालात मासे सुकवणाऱ्या आणि विकणाऱ्या बायका कोणत्या पानावर मोजल्या आहेत ते दाखवा," तर तो प्रश्न होतो. प्रश्न लिहावा लागतो आणि त्याला उत्तर द्यावं लागतं. दुसरी गोष्ट, शेवटचं वाचन. तोपर्यंत आपली माणसं उठून निघालेली असतात. उन्हातून आलेली, घरी पोरं वाट पाहत असलेली. पण आपल्या शब्दांचं काय झालं हे कळण्याची जागा तीच आहे. गटातल्या निदान चौघींनी शेवटपर्यंत बसायचं, आणि आपलं म्हणणं वगळलं गेलं असेल तर तिथेच उभं राहून सांगायचं, हे आधी ठरवलेलं असावं.

लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी हे कसं करायचं, असा प्रश्न नेहमी येतो. आरोग्य सेवांवरच्या लोकाधारित देखरेखीने त्याचं चांगलं उत्तर दिलं आहे. 2007 पासून महाराष्ट्रात आधी पाच जिल्ह्यांत आणि मग आणखी काही जिल्ह्यांत ही प्रक्रिया राबवली गेली. गावानेच आपल्या आरोग्य सेवेचं प्रगतिपत्रक भरायचं: चांगलं असेल तिथे हिरवा रंग, बरं असेल तिथे पिवळा, वाईट असेल तिथे लाल. मग जनसुनवाईत डॉक्टर आणि अधिकाऱ्यांपुढे ते मांडायचं. लाल रंग वाचायला अक्षरं लागत नाहीत, आणि भिंतीवर टांगलेला लाल चौकोन अधिकाऱ्यालाही टाळता येत नाही. एक मोठा कागद आणि तीन खडू यांतून उत्तम सादरीकरण होतं. प्रोजेक्टर मिळाला तर जरूर वापरावा, पण पडद्यावर कमी आणि मोठी अक्षरं हवीत. पडद्याकडे वळून वाचत बसलं तर लोक आपला चेहराही पाहत नाहीत.

बहुतेक मैत्रिणींचा संबंध रोज येतो तो मात्र ग्रामसभेशी. महाराष्ट्रात वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात, आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा व्हावी असा नियम आहे. 2011 पासून पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत. तरीही महिला सभा पुष्कळ ठिकाणी सह्यांपुरती होते. खरं तर तीच आपली तालमीची जागा आहे. तिथे विषय ठरवायचा, शब्द ठरवायचे, कोण बोलणार आणि तिच्या शेजारी कोण बसणार हे ठरवायचं.

समजा विषय पाण्याचा आहे. "नळाला पाणी येत नाही" हे गाऱ्हाणं सरपंचांनी शंभरदा ऐकलेलं असतं. त्याऐवजी दोन बायकांनी महिनाभर घराच्या भिंतीवर खडूने रेघा ओढाव्यात. ज्या दिवशी पाणी आलं त्या दिवशी उभी रेघ, आलं नाही त्या दिवशी फुली. किती हंडे भरले तेही मांडावं. जल जीवन मिशनने माणशी रोज 55 लिटर पाणी ठरवलं आहे. म्हणजे पाच माणसांच्या घराला 275 लिटर. आपल्या घरी हंडे किती आले आणि 275 लिटर म्हणजे हंडे किती, एवढी दोनच वाक्यं सभेत पुरतात. तिसरं वाक्य मागणीचं: काय हवं, कुणी करायचं आणि कोणत्या तारखेपर्यंत. तीन मिनिटांत हे सगळं होतं. सात मागण्या एकदम केल्या तर त्यांतली सगळ्यांत सोपी निवडून बाकीच्या विसरल्या जातात.

आमच्या शिबिरांत आम्ही याची रंगीत तालीम घेतो. एक जण सरपंच होते, एक ग्रामसेवक, म्हणजे ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात ते, आणि दोघी मागे बसून टोमणे मारणारे पुरुष होतात. ही भूमिका करायला बायकांना भारी मजा येते, कारण टोमणे त्यांना पाठ असतात. "तुझ्या घोवाला पाठव." "हा विषय आजच्या यादीत नाही." "निधीच नाही." हसणं झालं की प्रत्येकाचं उत्तर सगळ्या मिळून शोधतात. नवऱ्याला बोलवा म्हणणाऱ्याला: "मतदार यादीत माझं नाव वेगळं आहे, ग्रामसभेची सदस्य मी आहे." विषय यादीत नाही म्हणणाऱ्याला: "आठ दिवस आधी अर्ज दिला, ही पोच." निधी नाही म्हणणाऱ्याला: "तसं प्रोसिडिंगमध्ये लिहा." हे एकदा खेळून झालं की खऱ्या सभेतला टोमणा ओळखीचा वाटतो. त्याने जीभ अडत नाही.

आणि भाषा आपलीच ठेवावी. पुस्तकी मराठीत बोलायला गेलेली बाई वाक्याच्या मधेच अडकते आणि लोक हसतात. घरात, बंदरावर बोलतो तशी बोली सभेत चालते. अट एकच, शेवटचं मागणीचं वाक्य गटाने मिळून घडवलेलं आणि पाठ केलेलं असावं, म्हणजे ते जसंच्या तसं लिहून घ्या असा आग्रह धरता येतो. ठराव झाला तर सूचक आणि अनुमोदक म्हणून बायकांची नावं पडली पाहिजेत. नंतर त्या प्रोसिडिंगची नक्कल मागायची. मिळाली नाही तर माहितीचा अधिकार आहेच. बोलणं सभेत सुरू होतं, पण नोंदवहीत उतरल्याशिवाय ते पुरं होत नाही. सहा महिन्यांनी "कोण असं बोललं होतं?" असं विचारलं गेलं, तर तो कागद उत्तर देतो.

काही मैत्रिणी विचारतील, मग मोर्चे सोडायचे का? आता तक्ते रंगवायचे आणि गोड बोलायचं? तसं मुळीच नाही. 1972 च्या महागाईविरोधी लढ्यात मुंबईच्या बायका थाळ्या-लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. त्या लढ्यातल्या मृणाल गोरे त्याच वर्षी विधानसभेतही निवडून गेल्या. रस्ता आणि सभागृह ही दोन्ही ठिकाणं त्यांनी आपलीच मानली. 2023 च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर भर उन्हात बायका बसल्या, तेव्हा राज्याला त्यांची दखल घ्यावी लागली. पण छायाचित्रात बाया पुढे आणि चर्चेच्या टेबलावर पुरुष, असं आपल्या चळवळींत पुन्हा पुन्हा घडतं. रस्त्यावर पुढे असलेली बाई टेबलावरही पुढे असायची, तर आकडे, कागद आणि मागणीचं वाक्य तिच्याकडे असायला हवं.

संस्था-संघटनांतल्या शिकलेल्या कार्यकर्त्यांनाही एक सांगणं आहे. बायकांच्या वतीने बोलणं सोपं असतं, लवकर होतं आणि टाळ्याही मिळतात. पण कार्यकर्तीची बदली होते, प्रकल्प संपतो, अनुदान थांबतं, आणि गावात आवाज उरत नाही. आपलं काम माहिती मिळवून देण्याचं, तालीम घेण्याचं आणि सभेत मागच्या रांगेत बसण्याचं. बोलणारी अडखळली तर माईक ओढून न घेता थांबायचं. एखादं वाक्य अडखळत आलं तरी ते तिचं असतं, आणि पुढच्या सभेत ते सरळ येतं.

पुढच्या ग्रामसभेपूर्वी प्रत्येक गटाने एवढं करावं, अशी विनंती आहे. एकच विषय निवडावा. त्याची महिनाभर मोजणी करावी. महिला सभेत तालीम घ्यावी. आजवर कधीच न बोललेल्या एका मैत्रिणीला उभं करावं, आणि दोघींनी तिच्या दोन्ही बाजूंना बसावं. सभेनंतर प्रोसिडिंगची नक्कल घ्यावी आणि तिची एक प्रत आमच्याकडे पाठवावी. ठराव मंजूर झाला नसला तरी पाठवा. काय उत्तर मिळालं ते बाकीच्या गटांनाही कळू दे, म्हणजे त्यांची तयारी आणखी एक पाऊल पुढून सुरू होईल. पुढच्या अंकातली काही पानं या नोंदींसाठी राखून ठेवली आहेत.