रिमोट कुणाच्या हाती?

गेल्या महिन्यात ७४ वर्षांचे एक निवृत्त शिक्षक सूनबाईंसह रक्तदाब तपासण्यासाठी आले. “डॉक्टर, अप्पांनी संगणक अगदीच सोडलाय. पूर्वी रोज नाट्यगीतं ऐकायचे, परदेशातल्या नातवाशी बोलायचे. आता विचारलं की म्हणतात, कंटाळा आला. हे विस्मरण तर नसेल?” सूनबाईंच्या स्वरात काळजी होती.

अप्पा खाली मान घालून बसले होते. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी मी हलकेच दाबले, तसे ते कळवळले. तेथील सांध्याची झीज झाली होती. माउस धरून क्लिक करणे त्यांना असह्य झाले होते. पण ते घरात सांगणे त्यांना कमीपणाचे वाटत होते.

वाचकहो, एखादी आवडती गोष्ट ज्येष्ठांनी अचानक सोडली, तर त्यामागे मोतीबिंदू, नैराश्य किंवा विस्मरणही असू शकते. म्हणून तपासणी करून घ्यावीच. मात्र कारण केवळ हाताचे असेल, तर उपचारांच्या जोडीला एक साधा उपाय आहे: संगणकाचा रिमोट.

संगणक एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडावा आणि रिमोटसोबत येणारा छोटा रिसीव्हर यूएसबीच्या खाचेत बसवावा. मग खुर्चीत बसूनच, हवे तर डाव्या हाताने, गाणी किंवा चित्रफिती लावता येतात. लांब मजकूर लिहायचा असल्यास मात्र कळफलकच सोयीचा.

रिमोट निवडताना त्याची बटणे मोठी, उठावदार आणि हलक्या दाबाने चालणारी आहेत ना, हे पाहावे. ‘एअर माउस’ प्रकारात मनगट हलवले की पडद्यावरील बाण हलतो. हात थरथरत असेल, तर बाणही थरथरतो. अशांना दिशादर्शक बटणांचा रिमोट बरा.

दोन गोष्टींची काळजी घ्यावी. रिमोटमुळे जागेवरून उठण्याचे निमित्तच संपते. म्हणून दर अर्ध्या तासाने उठून घरातच चार पावले चालावीत. दुसरे म्हणजे, काही चपट्या रिमोटमध्ये नाण्यासारखा गोल सेल असतो. तो लहान मुलाने गिळल्यास अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. अशा वेळी उलटी न करवता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

काळजीवाहकांना एक विनंती. “द्या इकडे, मी लावून देते,” असे म्हणण्याचा मोह आवरावा. कृती मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून द्यावी आणि थांबावे.

परवा अप्पा पुन्हा आले. आवडते नाट्यगीत शोधायला त्यांना दहा मिनिटे लागली, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. सूनबाई हसून म्हणाल्या, “आणि मी तेवढा वेळ हाताची घडी घालून बसले होते!”