नक्कल कुणाला म्हणता?

जुने वाद्य पुन्हा जसेच्या तसे घडविणाऱ्याला ‘नक्कल करतो’ एवढे म्हटले की आपल्याकडे सुशिक्षित माणसाचे कर्तव्य संपते. बीबी-का-मकबऱ्याच्या गावात राहणाऱ्या मला हा शब्द चांगला ओळखीचा आहे. 1660-61 च्या सुमाराची ती देखणी वास्तू आल्यागेल्या पाहुण्याने ‘ताजची नक्कल’ म्हणून निकालात काढावी आणि आपण चहाचा पेला पुढे करावा, हे नेहमीचेच. म्हणूनच हा वाद मी अंगावर घेतो.

1579 साली लंडनमध्ये थीव्हेस नावाच्या कारागिराने ऑर्गन आणि हार्प्सिकॉर्ड ही दोन वाद्ये एकत्र जोडली. पट्टी दाबली की पिसाच्या काडीने तार छेडली जायची आणि त्याच पट्टीने झडप उघडून नळीत वारा शिरायचा. तारेचा सूर उमटताच विरू लागे. नळीचा सूर मात्र बोट उचलीपर्यंत टिके. लंडनच्या संग्रहालयात त्याचा सांगाडा आहे, नळ्या गेल्या. मग तो ऐकावयाचा कसा? पुन्हा बांधून! इंग्लंडमधल्या कारागिरांनी तो बांधला. उष्म्याने नळीचा सूर चढतो आणि तारेचा उतरतो; त्या दोघांना एका घरात नांदविताना काय यातना होतात, हे काचेबाहेर उभे राहून कळत नाही. आमच्या मराठवाड्यातल्या मे महिन्यात तर घटस्फोटच व्हावयाचा!

‘साहेबाची ही कौतुके आपणांस कशाला?’ असे कुणी म्हणेल. अहो, अकबराच्या दरबारातला ऑर्गन गोव्याहूनच आलेला. 1580-81 च्या हकिकतीत बदायुनीने त्या माणसाएवढ्या पेटीचे वर्णन केले आहे. त्यात तारा आहेत आणि मोरपंखही आहेत. तेही असलेच जोडवाद्य असावे, असे मला वाटते. आणि आपली पेटी तरी कुणाची? पॅरिसच्या दबेनने 1842 साली हार्मोनियमचे पेटंट घेतले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी ती हाताने भाता मारण्याजोगी करून बैठकीत आणली. तरी आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला परकी म्हणून बाहेर ठेवले.

संगीत नाटकांतला पायऑर्गन आता कोठे आहे? बहुतेक ठिकाणी अडगळीत. त्याच्या जागी विजेचा की-बोर्ड आला. बटण दाबले की म्हणे ऑर्गन! भाता नाही, वारा नाही, पितळी रीड नाही. परंतु याला कुणी नक्कल म्हणत नाही. कोकणात पायऑर्गन नव्याने घडविणारे हात निघाले आहेत. त्यांना मात्र ‘जुन्याचा हव्यास’ म्हणून हिणवावयाचे!

ज्या नाट्यसंस्थांच्या कोठीत असा एखादा ऑर्गन उरला असेल, त्यांनी यंदा त्याला हार घालू नये. तो उघडावा. गावचा सुतार आणि पेटी दुरुस्त करणारा यांना शेजारी बसवून भात्याची, झडपांची, रीडांची मापे वहीत उतरून घ्यावीत. वाळवी मापे घेत बसत नाही.