नजरेआधी कान

एकाच गणवेशातली मुलं लांबून सगळी सारखी दिसतात. पण वर्गाबाहेरून नुसता आवाज कानावर आला, तरी मूल कोणतं हे आम्हा शिक्षकांना बरोबर कळतं. दक्षिण आफ्रिकेच्या माळरानांवर पक्षी ओळखणाऱ्यांनाही हीच युक्ती वापरावी लागते. तिथल्या 'सिस्टिकोला' या चिमुकल्या गाणाऱ्या पक्ष्याची ओळख या महिन्यात आपण करून घेऊ.

सिस्टिकोलाच्या जवळजवळ पन्नास जाती आहेत आणि बहुतेक सगळ्या आफ्रिकेतच राहतात. बहुतेकांचा रंग तपकिरी, पाठीवर किंवा डोक्यावर काळसर रेघा, पोट फिकट. लहान जाती चिमणीहूनही छोट्या. चित्रांचं पुस्तक हातात असलं तरी माणूस गोंधळतो. ह्यूबर्ट लाइन्स नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने आफ्रिकेत फिरून यांचा कसून अभ्यास केला आणि 1930 साली या एकाच गटावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्रजीत यांची नावंही आवाजावरूनच पडली आहेत. कुणी 'खुळखुळणारा', कुणी 'डरांव करणारा', तर कुणी 'विलाप करणारा'.

मग ओळखायचं कसं? आधी जागा पाहायची. पाणथळीच्या काठच्या लव्हाळ्यात दिसला तर लेव्हेलंटचा सिस्टिकोला असण्याची शक्यता जास्त. काटेरी झुडपांच्या रानात, झाडाच्या शेंड्यावर बसून ओरडणारा बहुधा 'खुळखुळणारा'. खडकाळ उतारावरचे आणखी वेगळे.

खरी परीक्षा उघड्या गवताळ माळावर असते. जोहान्सबर्गच्या आसपासच्या उंच पठारावर पावसाळ्यात नर आकाशात चढून गातात. एक जात इतकी उंच जाते की डोळ्यांना दिसतच नाही, फक्त आवाज येतो. तिचं नाव 'ढगातला' सिस्टिकोला. तो खाली झेपावताना पंख वाजवत नाही. तितकाच उंच जाणारा दुसरा उतरताना पंखांचा चटचट आवाज करतो. तिसरा, वाळवंटी सिस्टिकोला, पंख वाजवतो खरा, पण फार उंच जात नाही. चौथा लाटेसारखा वरखाली उडतो आणि प्रत्येक हेलकाव्याला एकदा 'झिट्' म्हणतो. चौघांना हातात घेऊन शेजारी शेजारी धरलं तरी फरक सांगणं कठीण, पण आकाशात मात्र प्रत्येकाची सही वेगळी.

पावसाळा सरला की गाणी थांबतात. पक्षी गवतात लपून किडे टिपत राहतात. तेव्हा जाणकारही नाव सांगायला कचरतात. घाईने नाव देण्यापेक्षा पुढच्या पावसापर्यंत सबर करणं त्यांना बरं वाटतं.

'झिट्'वाल्याचं घरटं पाहण्यासारखं असतं. नर जिवंत गवताची पाती कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी एकमेकांना बांधून उभी पिशवी तयार करतो. तोंड वरच्या बाजूला. मादीला ती पसंत पडली की ती आत मऊ अस्तर लावते. पाती हिरवी असतात, म्हणून घरटं गवतात मिसळून जातं. पण यातच धोका आहे. गवत कापलं किंवा नांगरलं गेलं की घरही गेलं. दक्षिण आफ्रिकेतल्या त्या पठारावरचं बरंचसं गवत मक्याची शेती, कोळशाच्या खाणी आणि लागवडीच्या जंगलांखाली गेलं आहे. ज्या माळाला माणूस 'रिकामा' म्हणतो, तो खरं तर वस्तीने भरलेला असतो. आपण ऐकत नाही, म्हणून तो आपल्याला रिकामा वाटतो.

वाचक भगिनींनो आणि बंधूंनो, ही गोष्ट फक्त आफ्रिकेची नाही. हा 'झिट्'वाला युरोपातही राहतो. शास्त्रीय नाव मिळालं तेही 1810 साली, सिसिली बेटावरच्या पक्ष्यावरून. आणि तो आपल्या महाराष्ट्रातल्या माळांवर, भातखाचरांच्या कडेलाही राहतो. आपला ओळखीचा वटवट्या याच कुळातला. पाऊस सुरू झाला की एखाद्या रविवारी सकाळी मुलांना घेऊन गावाबाहेरच्या गवताळ माळावर जा. बांधावर गप्प उभे राहा. गवतात शिरू नका, घरटं शोधू नका. वरून थोड्या थोड्या वेळाने 'झिट्... झिट्' ऐकू आलं, तर मुलांना लगेच नाव सांगू नका. आधी विचारा, "काय ऐकलंस? कसा उडाला? कुठे उतरला?" उत्तरं मुलांनाच शोधू द्या.

एवढं झालं की परत येताना त्या जागेला 'पडीक जमीन' म्हणायला मुलांची जीभ रेटणार नाही.