दहापैकी किती गुण?

मैत्रिणींनो, इचलकरंजीच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. त्या लिहितात, "आम्ही दोघं दर दोन वर्षांनी एकाच कंपनीच्या बोटीनं सहलीला जातो. यंदा तिसरी खेप झाली. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा तक्ता भरून घेतात. मी दर वेळी एकच गोष्ट लिहिते, की शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांना एकच डाव वापरू नका. दर वेळी आभाराचं पत्र येतं आणि पुढच्या खेपेला डाव तोच! जुन्या गिऱ्हाइकाचं या कंपन्या ऐकतात तरी का? की आपण उगीच हात दुखवून घ्यायचे?"

हसू नका हं. आमच्या कोल्हापूरकडे एकाच घरात वार बघून भांडी बदलणाऱ्या बायका कितीतरी आहेत, त्यामुळे मला तरी हे दुःख लगेच समजलं. आणि बोटीच्या प्रवासाचं म्हणाल, तर गगनबावड्यासारख्या डोंगरमाथ्यावर राहून मला त्यातलं काय कळणार, असं तुम्हाला वाटेल. पण बाई, आमच्या गावातून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट खाली कोकणात उतरतात, आणि आमच्या सासूबाईंचं माहेर विजयदुर्गाकडचं. तेव्हा आमच्या घरात बोटीचा विषय निघाला नाही असा महिना जात नाही.

सासूबाई लहानपणी मुंबईला मामाकडे बोटीनं जायच्या. पडावातून खोल पाण्यात जायचं, मग हेलकावणाऱ्या पडावातून बोटीवर चढायचं. वर गेल्या गेल्या डेकवर वळकटी पसरून जागा धरायची. कोणी उलट्या करतंय, कोणी लिंबू हुंगतंय, कोणाची कोंबडी सुटलीय. पावसाळ्यात बोटी बंद. पुढे रस्ते सुधारले, बोटी गेल्या, १९९८ साली कोकण रेल्वे पुरी झाली. पण "एकदा बोटीत बसायचंय मला" हे सासूबाईंचं पालुपद काही संपलं नाही.

शेवटी पुण्याच्या भाऊजींनी मनावर घेतलं. ते स्वतः एका परदेशी कंपनीच्या बोटीनं आधी दोनदा जाऊन आलेले. त्यांच्याकडे कंपनीचं कार्डही होतं, त्यावर त्यांचं नाव सोनेरी अक्षरांत. सिंगापूरहून चार रात्रींची सफर ठरली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी सासूबाईंचा पासपोर्ट निघाला. आम्ही सगळे मिळून आठ जण.

बोट म्हणजे काय सांगू, आपल्या कोल्हापुरातल्या मोठ्या हॉटेलांसारखी पाच-सहा हॉटेलं एकावर एक रचावीत तशी! पण त्या बोटीवर चढण्याआधी धक्क्यावर दीड तास रांगेत उभं राहावं लागलं. खुर्ची नाही, बाक नाही. भाऊजींनी कार्ड दाखवलं, तर उत्तर मिळालं, "हे बोटीवर चढल्यावर चालतं." तासाभरानं सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला आणि त्या खाली बसल्या त्या बसल्याच. मी पदरानं वारा घालतेय, जाऊबाई बॅगेतून साखर शोधताहेत, आणि मुलांच्या डोळ्यांत पाणी. दहा मिनिटांनी कुठूनशी चाकांची खुर्ची आली. पुढं सगळं ठीक झालं, पण पहिला सगळा दिवस आई पलंगावर पडून होत्या. ज्या समुद्रासाठी एवढा अट्टहास केला, तो त्यांनी गोल खिडकीतून बघितला.

शेवटच्या रात्री अभिप्रायाचा तक्ता आला. आमची खोली आवरणारा मुलगा दाराशी उभा राहून म्हणाला, "दहापैकी दहा द्या, ताई. नऊ दिले तर मला विचारतात, कुठं चुकलास." मुलगा गुणी होता, रोज टॉवेलचा हत्ती करून ठेवायचा. भाऊजींनी त्याच्याकडे बघून सगळीकडे दहा-दहा गुण लिहिले. मीसुद्धा तेच केलं! पोरांच्या वह्या तपासताना अर्ध्या गुणासाठी अडून बसणारी मी, तिथं मात्र भिडेपोटी पूर्ण गुण देऊन मोकळी झाले.

म्हणजे कंपनीच्या दप्तरी आमची नोंद काय झाली? अत्यंत समाधानी प्रवासी. वर महिन्याभरानं भाऊजींना पत्र आलं, की आपण आमचे जुने स्नेही, पुढच्या सफरीला दहा टक्के सूट. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "त्या दहा टक्क्यांत एखादी खुर्ची येते का, विचार त्यांना."

आमच्या जाऊबाईंनी ते खरंच विचारलं. त्या पूर्वी एका कचेरीत आवक-जावक बघायच्या, त्यामुळे पत्र कसं लिहावं हे त्यांना नेमकं ठाऊक. बोटीची तारीख, खोलीचा क्रमांक, धक्क्यावर पोचल्याची वेळ, खाली बसल्याची वेळ, चाकांची खुर्ची आल्याची वेळ, एवढं लिहून खाली दोनच मागण्या केल्या. एक, पासष्टच्या वरच्या माणसांसाठी रांगेत बाकं ठेवा. दोन, सहलीचं माहितीपत्रक दाखवून पैसे घेतले तेव्हा 'सर्व खर्च धरून' म्हटलं होतं, मग शेवटच्या बिलात सेवाशुल्क आणि पाण्याच्या बाटल्यांचे वेगळे पैसे का, याचा खुलासा द्या. एक प्रत बोटीच्या कंपनीला, एक पुण्यातल्या सहल कंपनीला.

एकोणीस दिवसांनी बोटवाल्यांचं उत्तर आलं. माफी होती, आणि बाकांचा विचार करतो असंही होतं. आम्ही म्हटलं, झालं, आणखी एक आभारपत्र! पण सहा महिन्यांनी जाऊबाईंच्या शेजारीण त्याच बोटीनं गेल्या, तर रांगेच्या कडेला खुर्च्या मांडलेल्या आणि म्हाताऱ्या माणसांना आधी सोडणारी वेगळी वाट. आता हे आमच्या पत्रानं झालं की आणखी पन्नास जणांनी लिहिलं होतं म्हणून, देव जाणे. पैशांच्या खुलाशाबद्दल मात्र बोटवाल्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्याचे पैसे परत मिळाले ते सहल कंपनीकडून, आणि तेही तिसऱ्या पत्रानंतर, ग्राहक आयोगात जाऊ असं लिहिल्यावर.

तेव्हा ऐकतात का, तर ऐकतात, पण सगळं नाही. ज्याला चार खुर्च्यांचा खर्च आहे ते लवकर ऐकू येतं. जिथं गल्ला हलतो तिथं कान जड होतात. आणि जुन्या गिऱ्हाइकाबद्दल माझं मत विचाराल तर थोडं कडू आहे. आपल्या वाण्याकडेच बघा ना. वीस वर्षं जिथून किराणा भरतो, तो आपल्याला चहा विचारतो, मुलांना गोळी देतो, पण किडकी डाळ नव्या गिऱ्हाइकाला देईल की आपल्याला? आपण कुठं जाणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या कार्निव्हल कंपनीनं जाहीर केलं, की जितके दिवस प्रवास तितका मान ही जुन्या प्रवाशांची पद्धत बदलून यापुढं जितका खर्च तितका मान असं करणार. वर्षानुवर्षं स्वस्तातल्या खोलीतून निष्ठेनं प्रवास केलेली माणसं केवढी चिडली! निष्ठा आणि पैसा यांत कंपनी काय मोजते, ते तरी त्यांना स्पष्ट कळलं.

पण प्रवाशांना दुसरी बोट मिळाली की काय होतं, हे आपल्या कोकणानं शंभर वर्षांपूर्वी पाहिलंय. इंग्रजी भांडवलाच्या कंपनीच्या बोटी किनाऱ्यावर चालत. त्यांच्या तोडीला आपल्याच लोकांनी भागभांडवल जमवून सहकारी तत्त्वावर कंपनी काढली. तिचं इंग्रजी नाव लांबलचक होतं, पण कोकणातली माणसं तिला म्हणायची 'माझी आगबोट कंपनी'. 'माझी'! बोटींची नावंसुद्धा प्रवाशांच्या मनातली ठेवली, 'तुकाराम', 'रामदास', आणि ख्रिस्ती प्रवाशांसाठी 'सेंट अँथनी'. सासूबाईंच्या आजोबांच्या तोंडी म्हणे कायम 'आपल्या कंपनीची बोट' असंच असायचं.

तिकडे दक्षिणेत तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम पिल्ले यांनी १९०६ साली स्वदेशी बोट कंपनी काढली, तेव्हा इंग्रज कंपनीनं आधी भाडं उतरवलं, मग फुकट नेऊ म्हणाली, वर प्रत्येकाला एक छत्री! गगनबावड्याच्या पावसात राहणाऱ्या बाईला छत्रीचा मोह म्हणजे काय हे सांगायला नको. पण जी कंपनी इतके दिवस ऐकत नव्हती, तिला छत्र्या वाटायची बुद्धी कधी झाली ते लक्षात घ्या. १९०८ साली चिदंबरम पिल्ल्यांना तुरुंगात टाकलं, आणि पुढं त्यांची कंपनीही बुडाली.

'माझी' म्हटल्यानं समुद्र दया दाखवतो असंही नाही. १९२७ च्या नोव्हेंबरात 'जयंती' आणि 'तुकाराम' या बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, त्यात सहाशेहून अधिक माणसं गेली. सासूबाईंकडे अजून आषाढ अमावास्येला कोणी प्रवासाला निघालं, की जुन्या बायका त्या बोटीचं नाव काढतात.

हे अशासाठी सांगितलं, की जिवाची गोष्ट गुणांच्या तक्त्यात लिहायची नसते. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली तेव्हा तिच्यावर दोन हजारांहून जास्त माणसं होती आणि जीवरक्षक नावांत जागा होती १,१७८ जणांना. तेवढ्या नावा त्या वेळच्या कायद्याला पुरेशा होत्या. त्या दुर्घटनेनंतर १९१४ मध्ये देशादेशांचा करार झाला. तेव्हा जिना ओला आहे, बाहेर पडायची वाट सामानानं अडलीय, लाईफ जॅकेट मुलाच्या मापाचं नाही, असं काही दिसलं, तर शेवटच्या रात्रीची वाट बघू नका. त्याच क्षणी चौकशीच्या खिडकीवर जाऊन सांगा, सांगितल्याची वेळ आणि ऐकणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. भीड बाळगू नका.

आता इचलकरंजीच्या ताई, तुमच्या डावाकडे येते. तुम्ही तीनदा लिहिलंत, पण तक्त्यात लिहिलंत. ते तक्ते वाचणारा माणूस गुणांची सरासरी काढतो. तुम्ही जेवणाला आठ गुण दिले असणार, म्हणजे त्याच्या लेखी सगळं छान! या वेळी स्वतंत्र पत्र लिहा. तीन सफरींच्या तारखा घाला, एकच मागणी करा, आणि ती अशी करा की 'हो' किंवा 'नाही' म्हणावंच लागेल. 'व्यवस्था सुधारावी' असं लिहिलंत तर 'नक्की सुधारू' असंच उत्तर येणार. 'शाकाहारी पदार्थांचे डाव वेगळ्या रंगाचे ठेवाल का?' असं विचारा. कोणत्या तारखेपर्यंत उत्तर हवं तेही लिहा. खोली आवरणाऱ्या मुलाला खुशाल दहा गुण द्या, त्याचं नाव घेऊन कौतुक करा, पण त्याच्या गुणांत कंपनीचे गुण मिसळू नका. ही चूक आमच्या घरातल्या शिकलेल्या माणसांनी केलीय म्हणून सांगते.

आणि पैशाचा वाद असेल तर पत्रांवर थांबू नका. माहितीपत्रक, पावत्या, शेवटचं बिल आणि मोबाईलवरचे निरोपसुद्धा जपून ठेवा. साध्या सहलीच्या पावत्या मी रव्याच्या रिकाम्या डब्यात ठेवते, ह्यांनी कितीही थट्टा केली तरी. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर फोन करता येतो. तिथं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानं आपण जिथं राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय मुंबईला असलं तरी. म्हणजे मला कोल्हापूर पुरे, आणि तुम्हालाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. लग्नाचा हंगाम, मुलांच्या परीक्षा, मग गणपती, असं करता करता दोन वर्षं कशी जातात ते आपल्याला माहीत आहेच.

एक राहिलंच. २०२५ मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून थेट विजयदुर्गापर्यंत मोटारी नेणाऱ्या रो-रो बोटीची घोषणा झाली. ती बातमी पेपरात आली त्या दिवशी सासूबाईंनी कात्रण कापून देवघराच्या फळीवर ठेवलं, आणि मला विचारलं, "चढायच्या जागी बसायला बाक आहे का, ते आधी कळवून घे गं."

तर ताई, तुमच्या पत्राचं उत्तर आलं की मला कळवा. डाव कोणत्या रंगाचे निघाले, तेही.